आठवड्याचे सातही सोमवार

रेवस, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा
ता. ८ जानेवारी १९५८, बुधवार

चि. सौ. केसर हिच्या डोक्यावर सगुणावहिनीचा हात. तुझ्या घरधन्यांना नमस्कार, बायजेच्या गालाला चिमटा. इकडं सगळी खुशाल.

व्हय गो, जेवले. पोट भरून जेवले. मी निघाले त्याच दिवशी तू कार्ड टाकलंस वाटतं, माझ्या मागोमाग इथं पोचलं. अर्ध्या कार्डावर एकच प्रश्न, वहिनी तिथं खातेस काय. मुलाचं घर कसं, विहीर किती लांब, हे सगळं खाली कोपऱ्यात मुंग्यांसारखं. मुलगी द्यायची तर लोक आधी शेत बघतात. तू आधी टोप बघतेस.

तुझं चुकलं असं न्हाय म्हणत मी. बायजेला तू लहानपणीच तुळशीची माळ घातलीस. तिनं मासा टोपलीत बघितलाय, ताटात न्हाय. आन् तिला आवडला कोण, तर करंजाच्या जत्रेत दिसलेला खाडीपलीकडचा रघू, ज्याच्या घरातलं मांजरसुद्धा नुसत्या भाताला तोंड लावत न्हाय. आता पोरगी दुसरं स्थळ बघत न्हाय म्हणून तू मला धाडलंस. "वहिनी, तू मासं खात न्हाईस, अंडं खात न्हाईस, दूधबी घेत न्हाईस. तू तिथं आठ दिवस काढलेस तर माझी बायजा जन्म काढील." म्हंजे विहिरीचं पाणी किती खोल ते बघायला आधी म्हातारी ढकलायची. बरं हाय.

तर ऐक. करंजाहून तरीत बसले. वारा असा की पदर एकीकडं आन् मी एकीकडं. रेवसच्या धक्क्यावर उतरले तर रघूची आई सोनाबाई स्वतः आलेली. जाडजूड, हसरी, बोलायला खणखणीत. घरी पाय धुतले, आत गेले, आन् चुलीजवळ परातीत हा एवढा जिताडा मासा! इकडं व्याह्याला जिताडा न्हाय वाढला तर नाक जातं. माझ्यासाठी दोन दिवस खाचरातल्या पाण्यात जिवंत राखून ठेवला होता. मी गळ्यातली माळ पदराबाहेर काढून दाखवली.

सोनाबाई म्हणाली, "अगो बाय! मंग कोंबडं कापू?"

"न्हाय गो."

"अंडी तरी?"

"तीबी न्हाय."

"आता दूधभातावर बसवू का विहिणीला?"

"दूधबी चालत न्हाय मला."

ती पाटावर बसलीच. म्हणाली, "पाव्हणीबाय, आमच्याकडं आठवड्याला एक सोमवार येतो. त्या दिवशी आमीबी वशाट खात नाय. तुमच्याकडं सातही सोमवारच का गो?"

मला ती तिथंच आवडली. तुला सांगून ठेवते.

दुधाचं तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं. कोरा चा पिताना माझं तोंड बघितलं असणार. मी सांगितलं, नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली. बाराव्याला त्याच्या आवडीचं काहीतरी सोडायचं होतं, मासं तर माळेपायी आधीच सुटलेलं, मंग दूध सोडलं. तुझा भाऊ खरवसासाठी शेजाऱ्याच्या म्हशीचे दिवस मोजायचा ते तुला माहीत हाय. आन् हेबी सांगितलं की मला दूध लहानपणापासून आवडत न्हवतं, म्हणून सोडायला सोपं गेलं. ती आधी हसली, मंग डोळे पुसले, मंग परत हसली.

पण जेवणाचं. पहिल्या दिवशी वालाचं बिरडं केलं माझ्यासाठी. वाल चांगले, नारळ भरपूर, आन् वास जिताड्याचा. डाव तोच ना! वीस वर्षं कालवणात बुडालेला करवंटीचा डाव. मी भाकरी, मिरची आन् कांदा खाल्ला. दुसऱ्या दिवशी नवा डाव, आन् वांग्यात काहीतरी गुलाबी गुलाबी. मी विचारलं हे काय. सोनाबाई म्हणाली, "जवळा हाय. चिमूटभर. वासाला." मी म्हटलं तो मासा. ती म्हणाली, "तो कसला मासा गो? सुकला ना तो!" पुन्हा भाकरी, मिरची, कांदा. मंग पोयनाडच्या बाजारातून नवी मडकी आणली. तरी वास हायच. सोनाबाई रडकुंडीला. म्हणाली, माझ्या हातालाच वास हाय, मी आता काय हात बदलू?

तवा तिचा धाकटा दीर काळूराम पडवीतून म्हणाला, "वैनी, वास मडक्याला नाय. वास पाट्याला हाय."

हा काळूराम मिठाच्या गलबतावर होता. आधी स्वयंपाकी, मंग तांडेल, गलबताचा मुख्य. आता पाय अधू झाला म्हणून मिठागर बघतो. बायको कवाच गेली, मूलबाळ न्हाय. गलबतावर मिठाचा कच्छी शेठ यायचा, तो कांदा, लसूण, बटाटासुद्धा खात न्हवता. त्याला आठ आठ दिवस समुद्रात ह्यानं जेवू घातलंय. मला म्हणाला, "शेठपुढं तुम्ही काहीच नाय."

पाटा उचलून आंगणात नेला आन् छिन्नी-हातोडी घेऊन बसला. वाटण वाटून वाटून जुना पाटा गुळगुळीत होतो, मंग त्याला टाकी लावतात, ठोकून ठोकून खरबरीत करतात, ते आपल्याकडंबी हाय. पण ह्यानं सगळा वरचा थरच काढला. दुपार गेली त्याची. वरवंट्यालाबी सोडलं न्हाय. मी म्हटलं, एवढ्यात नवा पाटा आला असता.

"नवा पाटा वरीसभर कच टाकतो. तुमचे दात जातील."

"माझे दात हायत हे बघून ठेवलंत वाटतं?"

हातोडी बोटावर बसली त्याची.

त्या संध्याकाळी केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं आन् आमसुलाचं सार. वास कशाचा? केळफुलाचा, कुळथाचा आन् आमसुलाचा. म्हणून म्हटलं, जेवले.

रघू गलबतावर हाय, अवसेला येणार. मुलगा बघितल्याशिवाय मी कशी येऊ? माझ्या शेळ्यांना पाला घाल.

तुझी वहिनी,
सगुणा


रेवस
ता. १७ जानेवारी १९५८, शुक्रवार

चि. सौ. केसर हिला आशीर्वाद आन् पुडीतले तीळगूळ. पुडी फुटली असंल तर पोस्टमननं गोड बोलायचं ठरवलंय असं समज.

व्हय, आठ दिवस कवाच झाले. मलाबी मोजता येतात. अवस परवा हाय, रघूला वारा मिळाला तर येईल. तोवर मी काय इथं जाळी विणू? म्हणून फिरून घेतलं. आपला जन्म शेतात आन् उरणच्या बाजारात गेला, तर बघू दे की चार जागा.

कनकेश्वराचा डोंगर चढले. पायऱ्या असल्या की देव वर का जाऊन बसला ते कळतं, कोणी रोज उठून गाऱ्हाणं घेऊन येऊ नये म्हणून. सोनाबाईचे गुडघे धरलेले, ती खालीच बसली. काळूरामाचा पाय अधू, तरी वर आला. मी थांबले की तोबी थांबायचा आन् झाडाची पानं बघितल्यासारखं करायचा. वर गार पाणी प्यायले. त्यानं शिदोरीला तांदळाच्या भाकऱ्या, चटणी आन् उकडलेली रताळी आणली होती. एकाच फडक्यात दोघांचं होतं. त्याचं वेगळं काय ते मी शोधलं, तर वेगळं न्हवतंच. मी म्हटलं, तुमचा आज सोमवार का? तर म्हणाला, "तुमच्यासमोर बसून खायला बरं दिसत नाय."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अलिबागला सगळीच गेलो, बैलगाडीतून. ओहोटीला समुद्र मागं सरतो आन् किल्ल्यात पायी जाता येतं. मी चपला हातात घेऊन गेले, गणपतीला नमस्कार केला, आन् परत निघेपर्यंत पाणी घोट्याला लागलं. सोनाबाई ओरडतेय, "पाय उचल गो, न्हायतर विहीण आत आन् आमी बाहेर!" गावात इंग्रजांनी बांधलेलं एक घर हाय, त्यात लोखंडाचा खिळासुद्धा न्हाय म्हणतात. आत चुंबकाचं यंत्र पृथ्वीचं काहीतरी मोजतं. बाहेरूनच बघितलं. काळूराम म्हणाला, तुमच्या कमरेच्या किल्ल्या बघून ते यंत्र पळत येईल. हा माणूस आठ दिवस मोजकंच बोलायचा, आता बोलायला लागला तर हे असं.

आता पोपटीचं सांगते. वालाच्या शेंगा ह्या दिवसांत भरतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, तोंडाला परत पाला, आन् मडकं उलटं घालून वर पेंढा पेटवायचा. तेल न्हाय, पाणी न्हाय. आपल्याकडंबी करतात, पण इथल्या शेंगांना खाऱ्या वाऱ्याची चव हाय. माझं मडकं निराळं केलं होतं. दिवस मावळताना मडकं फोडलं, मी शेंगा सोलतेय, सोनाबाई कौतुकानं बघतेय. आन् तळातून निघाली चार अंडी! सोनाबाईनं टाकलेली. म्हणाली, "अगो, शेंगांखाली होती ना, तुला दिसणारबी नव्हती. चव तेवढी वर येते." तिला वाटलं मी अंड्याकडं बघायचं न्हाय, एवढंच. मला राग यायला पाहिजे होता. मी एवढी हसले की ओवा नाकात गेला.

पण केसर, हसून झालं आन् खरं बोलणं निघालं. मी विचारलं, बायजा आली तर तिचं काय?

सोनाबाई म्हणाली, "खा म्हणून मी तिला कवाच सांगणार नाय. माळ तिची, जीभ तिची. पण म्हावरं साफ कोण करील? माझे गुडघे गेले. रोज संध्याकाळी टोपली भरून येतं. सून आली म्हंजे तिनं विळीवर बसायला नको?"

"ती मासळीला हात लावणार न्हाय."

"मंग सून आणतेय का देवी?"

ती वाईट बोलली न्हाय गो. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. बायजा उपाशी राहणार न्हाय इथं, ते मी जेवून बघितलंय. पण रोज संध्याकाळी ती विळी तिच्याकडं बघत बसणार. आन् तिनं हात लावला तर तू तिला घरात घेशील का, ते तू मला आजवर सांगितलं न्हाईस. मीबी विचारलं न्हाय. आता विचारते.

काळूराम तिथंच होता. शेंगांची सालं गोळा करून बैलापुढं टाकली आन् गेला.

बायजेला हे पत्र वाचायला देऊ नको. देशीलच म्हणा, तूच तिच्याकडून वाचून घेतेस. बायजे, रडू नको. अजून न्हाय म्हटलेलं न्हाय.

तुझी वहिनी,
सगुणा


रेवस
ता. २९ जानेवारी १९५८, बुधवार

चि. सौ. केसर हिला आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. हात लावला तर घरात घेणार न्हाय, असं लिहिलंस. बरं केलंस, सरळ लिहिलंस. खाली लिहिलंस की वहिनी तुझ्या पत्रात पानोपानी काळूराम काळूराम काय लावलंय, बायजा वाचताना हसत होती. पोरगी कशाला हसते? तिच्या लग्नाची बोलणी चाललीत, तिनं गंभीर राहावं.

आधी बायजेचं.

रघू अवस होऊन तिसऱ्या दिवशी आला. उंच हाय, काळा हाय, लाजतो. मला बघून धक्क्यावरच पाया पडला, तोही भलत्या बाईच्या, कारण मी मागं उभी होते. गलबतावर शिडाची दुरुस्ती करतो, हात बघितले, कामाचे हायत. दारू न्हाय. मी सरळच विचारलं, बायजेच्या ताटाशेजारी बसशील का? म्हणाला, "सोमवारी बसेन, मामी."

"आन् बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस तोंड धुवून बसेन."

मंग त्याच्या आईसमोर विळीचा विषय मीच काढला. सोनाबाईनं पुन्हा तेच सांगितलं. तर रघू म्हणाला, "आये, गलबतावर कोण बायका असतात? तिथं म्हावरं आम्हीच साफ करतो. घरी केलं तर हात झडतील का?"

"गाव काय म्हणंल?"

"म्हणंल, रघू बरा बसतो विळीवर."

सोनाबाई हसली न्हाय. तिला ते लागलं. तवा काळूराम बोलला. म्हणाला, पडवीच्या टोकाला दुसरी चूल घालू. तिच्यावर वशाट कधीच चढणार न्हाय. भाकऱ्या, भात, भाज्या सगळ्या घराच्या तिथं होतील, बायजा तिथं रांधील आन् तिथंच जेवील. कालवण तेवढं वैनीच्या चुलीवर. साफ करायचं मी आन् रघू बघू.

मंग जे झालं ते तुला सांगायलाच हवं. सोनाबाई ढसाढसा रडली. दुसरी चूल म्हंजे घर फुटलं, असंच तिला वाटलं. एवढी वर्षं दोघा भावांना एका टोपात जेवू घातलं तिनं. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, बाई, भिंत न्हाय घालत कोणी, चूल घालतायत. तुझ्या चुलीवर जिताडा, ह्या चुलीवर वाल, आन् पोरं दोन्हीकडं हात मारतील. ती म्हणाली, "पण नवी पोर एकटी कशी चालवील गो चूल? तिला दाखवायला जाणती बाई पायजे, तुमच्यातलं रांधणारी. मला तर जवळ्याबिगर वांगं येत नाय." त्यावर तिचा नवरा अंबाजी, जो तीन आठवड्यांत माझ्याशी चार शब्द बोलला असंल, तो म्हणाला, "ते बघता येईल." आन् सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी भांडी घासायला उठले.

तर बायजेचं जमलं. मासळीला हात लावायचा न्हाय, माळ काढायची न्हाय, हे अंबाजीनं गावातल्या चार माणसांसमोर कबूल केलंय. तू माघातली तिथ बघ. मनात अजून शंका असंल तर स्वतः ये, आठ दिवस राहा. माझ्यासारखं जास्त राहू नको.

आता दुसरं. हे लिहायला बसले आन् दोनदा उठले. एकदा चा केला, एकदा उगाच आंगण झाडलं.

काळूरामानं मला गेल्या शुक्रवारी विचारलं. मिठागराच्या बांधावर उभे होतो, मिठाचे ढीग दाखवत होता. मधेच म्हणाला, "तुमच्या गावच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का?"

"राहतं."

"मंग तुम्ही इथं कशाला राहाल."

"तुम्ही विचारताय का सांगताय?"

"विचारतोय."

मी त्याला म्हटलं, माझी माळ हाय. तो म्हणाला, बघितली. मी म्हटलं, दुसऱ्याच्या नावाचं दूध सोडलंय, ते मी धरणार न्हाय. तो म्हणाला, धरू नका, कोणी सांगितलंय. मी म्हटलं, तुम्ही म्हावरं खाता. तर म्हणाला, "खातो. खाणार. तुमच्यापुढं नाय." एवढंच बोलणं. मंग मिठाचे भाव सांगत बसला, मला एकही लक्षात न्हाय.

ह्या लोकांत विधवेचं म्होतूर, दुसरं लग्न, लागतं तसं आपल्यातबी लागतं, तुला ठाऊक हाय. मांडव न्हाय, वाजंत्री न्हाय, मागल्या दारानं चार माणसं येतात. माळकऱ्यांत लोक नावं ठेवतील. ती तुलाबी ऐकायला लागतील, पाणवठ्यावर, माझ्यामुळं. तुझ्या भावाला मी काही कमी केलं न्हाय, आन् त्यानं मला. ते तसंच हाय. त्यातलं मी काही उचलून इकडं आणलेलं न्हाय.

बायजेला सासरी एक आपलं माणूस मिळालं, असं तू गावात सांगशील. सांग. ऐकायला चांगलं हाय, आन् मीबी आधी हे पत्र तसंच लिहिणार होते, पोरीसाठी चुलीवर बसायचं ठरवलं म्हणून. तू माफ केलं असतंस, वर पाया पडली असतीस.

पण ते खोटं हाय, केसर. मी शुक्रवारी तिथं बांधावरच त्याला व्हय म्हटलं. चुलीचं बोलणं रविवारी निघालं. बायजेचं मोडलं असतं तरी मी राहिलेच असते.

तुझी वहिनी (हे तू खोडलंस तर मी पुन्हा लिहीन),
सगुणा